इंटरनेट चालू, सर्व्हर गायब : फोंड्यातील एका नेटवर्क दुरुस्ती सेवेचा अनुभव

गोव्यातील फोंड्याच्या वरच्या बाजारात संगणक दुरुस्तीचे हे दुकान आहे आणि तेथील मंडळी कार्यालयात येऊन नेटवर्कची कामेही करतात. त्यांच्याकडून मी संगणक विकत घेतलेला नाही की प्रिंटरची शाई भरून घेतलेली नाही, त्यामुळे हा अभिप्राय एकाच कामापुरता आहे. चवथीच्या सुटीनंतर आमच्या करसल्लागार कार्यालयातील नऊपैकी सहा संगणकांना सर्व्हर सापडेनासा झाला. त्याचे कारण त्यांनी कसे शोधले आणि ते किती नीट दूर केले, एवढेच मी येथे सांगणार आहे. पाचपैकी चार तारे देत आहे. एक का कापला, तेही पुढे येईलच.

आधी परिस्थिती सांगतो. सुटी लागण्याच्या आदल्या रात्री विजा कडाडल्या आणि आमचा राउटर जळाला. इंटरनेट जोडणी देणाऱ्यांच्या माणसाने दुसऱ्या दिवशी नवा राउटर बसवला, मोबाइलवर एक संकेतस्थळ उघडून दाखवले आणि तो गेला. त्याचे काम तेवढेच होते, म्हणून त्याला दोष देता येत नाही. सुटी संपवून आम्ही कार्यालय उघडले तेव्हा सर्व संगणकांवर इंटरनेट व्यवस्थित होते, ईमेल येत होते, जीएसटीचे पोर्टल उघडत होते. पण टॅली या हिशेबाच्या प्रणालीचा डेटा ज्या सर्व्हरवर आहे तो सहा संगणकांना दिसत नव्हता आणि तीन संगणकांवर तो काहीच न घडल्यासारखा उघडत होता. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची २० तारीख तोंडावर होती. आमच्या ज्येष्ठ लेखनिक बाई सकाळपासून सारख्या ‘नेटवर्क’ची खिडकी उघडून तेथे सर्व्हरचे चित्र दिसते का, हे पाहत होत्या, आणि ती खिडकी रिकामीच होती.

नेटवर्कची देखभाल करण्याचा आमचा वार्षिक करार त्या वेळी दुसऱ्याच एका कंपनीशी होता. तिचे नाव येथे देत नाही. त्यांनी दूरध्वनीवर प्रथम राउटर बंद करून चालू करण्यास सांगितले, मग सर्व संगणक बंद करून चालू करण्यास सांगितले, आणि दुपारी ‘विंडोजच खराब झाले असावे, सहाही संगणकांवर नव्याने टाकू’ असा निर्णय दिला. सहा संगणकांवरील विंडोज एकाच सुटीत, एकाच वेळी आणि एकाच प्रकारे खराब होते, ही गोष्ट माझ्यासारख्या हिशेबनीसालाही पटली नाही. म्हणून या दुकानाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी दहाची वेळ दिली होती आणि त्यांचा तंत्रज्ञ सव्वाबाराला आला. वरच्या बाजारातून आमच्या कार्यालयात चालत यायला पंधरा मिनिटे लागतात. उशीर होईल असा फोनही नव्हता. अर्धा तारा तेथेच गेला.

मात्र आल्यानंतर त्या तरुणाने जे केले ते पाहून माझी नाराजी पुष्कळ कमी झाली. त्याने पहिला पाऊण तास कोणत्याही संगणकावरील एकही गोष्ट बदलली नाही. वहीत नऊ रकाने आखून तो प्रत्येक संगणकावर बसला, त्याच तीन-चार आज्ञा टंकित करत गेला आणि उत्तरे लिहून घेत गेला. आमच्या सर्व्हरचे नाव ‘लेखा’ आहे. पिंग म्हणजे एखादे यंत्र जाळ्यावर उत्तर देते का, हे पाहण्याची आज्ञा. तंत्रज्ञाने आधी ‘पिंग लेखा’ असे विचारले, मग चालू असलेल्या एका संगणकावरून मिळालेल्या सर्व्हरच्या अंकी पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.०.१०५ ला, पिंग केले. बिघडलेल्या सहाही संगणकांवरून पत्त्याला केलेल्या पिंगचे उत्तर तत्काळ आले. “सर, तार ठीक, स्विच ठीक, सर्व्हर ठीक. फक्त नावाचा पत्ता लागत नाही,” असे तो म्हणाला. विंडोज नव्याने टाकण्याचा विषय तेथेच संपला, आणि या निदानाला दोन मिनिटेही लागली नव्हती.

यापुढचा भाग मी थोडा विस्ताराने लिहितो, कारण गोव्यातील बहुतेक छोट्या कार्यालयांची घडी आमच्यासारखीच असते: आठ-दहा संगणक, एक सर्व्हर म्हणून ठेवलेले यंत्र, इंटरनेटवाल्यांनी दिलेला राउटर, आणि वर्षानुवर्षे वेगवेगळ्या हातांनी केलेल्या तात्पुरत्या दुरुस्त्या.

सहापैकी पाच संगणकांवर ‘पिंग लेखा’ केल्यावर ‘नाव सापडले नाही’ असे उत्तर येत नव्हते. पडद्यावर ‘लेखा’ या नावापुढे १९२.१६८.१.१० असा पत्ता येत होता आणि त्याखाली वेळ संपल्याच्या चार ओळी. हा फरक मी कधी लक्षातच घेतला नसता. पिंगने कंसात पत्ता छापला, तर संगणकाला नावाचे उत्तर कोठून तरी मिळालेले असते. ते उत्तर चुकीचे असेल, पण मिळालेले असते. म्हणजे उत्तर मिळाले का, हा प्रश्न उरतच नाही. ते कोणी दिले, एवढाच प्रश्न राहतो. तंत्रज्ञाने त्याच संगणकावर ‘एनएसलुकअप’ चालवून नव्या राउटरला थेट तेच नाव विचारले, तेव्हा राउटरने १९२.१६८.०.१०५ असे बरोबर उत्तर दिले. एकाच संगणकावर, एकाच मिनिटात, एकाच नावाची दोन उत्तरे पडद्यावर एकाखाली एक होती. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावावरून अंकी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारते, संगणकातील नावे व पत्ते यांची ‘होस्ट्स’ नावाची फाइल ते वाचत नाही. पिंग मात्र विंडोजच्या नेहमीच्या वाटेने जाते आणि त्या वाटेवर होस्ट्स फाइलचा शब्द डीएनएसच्या आधी प्रमाण मानला जातो. दोन उत्तरे जुळली नाहीत तर होस्ट्स फाइल उघडून पाहावी, हे मला त्या दिवशी कळले.

ती फाइल विंडोजच्या फोल्डरात सिस्टम ३२, त्यात ड्रायव्हर्स आणि त्यात ईटीसी अशी आत दडलेली असते. पाचही संगणकांवर तिच्या तळाशी १९२.१६८.१.१० आणि ‘लेखा’ अशी ओळ कोणीतरी हाताने लिहिली होती. जुना राउटर १९२.१६८.१ या मालिकेतील पत्ते वाटत असे, नवा १९२.१६८.० या मालिकेतील वाटतो. त्यामुळे सर्व्हरचा पत्ता बदलला आणि फाइलमधील ओळ जुन्याच पत्त्यावर बोट ठेवून राहिली. येथे एक ऐतिहासिक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. इंटरनेटच्या आरंभीच्या काळात सगळ्या जगातील यंत्रांची नावे अशाच एका फाइलमध्ये असत आणि ती अमेरिकेतील एका संशोधन संस्थेत सांभाळली जाई. यंत्रे वाढल्यावर ते जमेना, तेव्हा पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची रचना मांडली. आमचे पाच संगणक ‘लेखा’पुरते अजून १९८३ च्या अलीकडे आलेच नव्हते.

माझ्यासारख्याने ती ओळ पुसून काम संपले असे मानले असते. तंत्रज्ञाने एका संगणकावर ती पुसली (पुसण्यापूर्वी फाइलची प्रत ‘होस्ट्स-जुने’ या नावाने बाजूला ठेवली, हे मुद्दाम नोंदवतो), पुन्हा पिंग केले, आणि आता ‘हे नाव सापडत नाही’ असे उत्तर आले. चूक गेली नव्हती, तिचे रूप बदलले होते. ‘आयपीकॉन्फिग’ या आज्ञेने नेटवर्क जोडणीची पूर्ण माहिती काढल्यावर कारण दिसले: या पाचही संगणकांवर डीएनएस सर्व्हर म्हणून राउटर नव्हताच, तेथे हाताने ८.८.८.८ लिहिले होते. ही गूगलची सार्वजनिक डीएनएस सेवा आहे, २००९ पासून ती चालू आहे आणि तिच्यात काही खोट नाही. परंतु जगातील कोट्यवधी संकेतस्थळांचे पत्ते सांगणाऱ्या त्या सेवेला फोंड्यातील एका कार्यालयाच्या कपाटात ठेवलेल्या ‘लेखा’ची माहिती असण्याचे कारण नाही. इंटरनेट सुरळीत आणि सर्व्हर गायब, या आमच्या कोड्याचे उत्तर एवढेच होते.

मग सगळा क्रम उलगडला. काही वर्षांपूर्वी सरकारी पोर्टल हळू उघडते अशी आमची तक्रार होती, तेव्हा जुन्या कंपनीच्या माणसाने पाच संगणकांवर ८.८.८.८ लिहून दिले होते. त्याबरोबर सर्व्हरचे नाव हरवले असणार, म्हणून त्याने होस्ट्स फाइलमध्ये ओळी घातल्या. पहिली चूक झाकण्यासाठी केलेली दुसरी चूक जुना राउटर जिवंत असेपर्यंत निमूट चालत राहिली. हिशेबात अशा प्रकाराला आम्ही निलंबन खाते म्हणतो: तफावत सापडत नाही म्हणून तेथे टाकून ठेवायची आणि वर्षअखेरीस विसरून जायचे. सहाव्या संगणकाचा आजार निराळा आणि साधा होता. त्यावरील झेड ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हरवरील फोल्डरची वाट, नावाने जोडण्याऐवजी जुन्या अंकी पत्त्यानेच जोडलेला होता. ज्या तीन संगणकांना कोणीही ‘दुरुस्त’ केले नव्हते, नेमके तेच ठणठणीत होते.

यावर मी विचारले की होस्ट्स फाइलमधील जुना पत्ता खोडून नवा लिहिला तर पाच मिनिटांत काम होणार नाही का? घाई माझीच होती. त्याने ते करून देण्याची तयारी दाखवली, पण पुढच्या राउटरबरोबर किंवा सर्व्हरचा पत्ता बदलताच हाच दिवस पुन्हा येईल, असेही सांगितले. दुसरा प्रश्न असा विचारला की डीएनएसच्या पहिल्या जागी राउटर आणि दुसऱ्या जागी ८.८.८.८ ठेवले तर दोन्ही फायदे मिळणार नाहीत का? याचे त्याने दिलेले उत्तर अनेकांच्या उपयोगाचे आहे. दुसरी जागा ही पहिल्याला माहीत नसलेली नावे विचारण्यासाठी नसते. पहिला सर्व्हर उत्तरच देत नसेल तेव्हा विंडोज दुसऱ्याकडे वळते. ‘असे नाव नाही’ हेसुद्धा उत्तरच असते आणि तेथे शोध थांबतो. राउटरने एखाद्या वेळी उत्तराला उशीर केला की संगणक दुसऱ्याकडे जातो, तेथून ‘लेखा नावाचे काही नाही’ असे ऐकतो, आणि मग सकाळी चालणारी टॅली दुपारी चालत नाही अशा, कारणाचा माग न लागणाऱ्या तक्रारी सुरू होतात. बाहेरच्या नावांसाठी गूगलची सेवा हवीच असेल तर ती राउटरमध्ये लिहावी, संगणकांनी मात्र राउटरलाच विचारावे.

पुढची दुरुस्ती थोडक्यात सांगता येते, कारण निदान झाल्यावर तिच्यात फारसे काही उरले नव्हते. राउटरमध्ये सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाशी १९२.१६८.०.१० हा पत्ता कायमचा बांधून दिला, पाचही संगणकांवरील डीएनएसची नोंद पुन्हा ‘आपोआप मिळवा’ या पर्यायावर आणली, होस्ट्समधील ओळी काढल्या, साठवलेली जुनी उत्तरे ‘आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस’ने पुसली, आणि सहाव्या संगणकावरील ड्राइव्ह नावाने जोडला. त्यानंतर सर्व्हर व सगळे संगणक एकदा बंद करून चालू केले आणि नऊही ठिकाणी टॅली उघडून दाखवली. एका संगणकावर नोटपॅडने होस्ट्स फाइल जतन करताना तिच्या नावामागे टीएक्सटी हे शेपूट जोडले होते, तेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. तसे शेपूट लागलेली फाइल विंडोज वाचत नाही आणि मूळ ओळ तशीच राहते.

सुरक्षिततेच्या बाबतीतली त्याची शिस्त मला विशेष आवडली. विंडोजला डीएनएसकडून नाव मिळाले नाही, तर ते जाळ्यावरील सगळ्यांना उद्देशून हाक मारू शकते. नेटबायॉस आणि एलएलएमएनआर या दोन पद्धती त्यासाठी आहेत. जुन्या कंपनीने त्या दोन्ही आमच्या संगणकांवर बंद करून ठेवल्या होत्या. त्या सुरू केल्या असत्या तर कदाचित त्या दिवशीचे काम लवकर उरकले असते. परंतु अशा हाकेला जाळ्यावरील कोणतेही यंत्र ‘मीच लेखा’ असे खोटे उत्तर देऊ शकते आणि संगणकाने पाठवलेली लॉगिनची माहिती टिपून घेऊ शकते, म्हणून त्याने त्या बंदच ठेवल्या आणि जुन्या कंपनीचे हे एक काम बरोबर होते, असे आपणहून सांगितले. दुसऱ्याच्या कामाला नावे ठेवून आपले बिल वाढवण्याची रीत सर्वत्र दिसते. येथे ती दिसली नाही.

लेखनिक बाईंच्या रिकाम्या खिडकीचेही निरसन झाले. ‘नेटवर्क’मध्ये चित्र दिसणे आणि नावाने सर्व्हर उघडणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. तेथील यादी पूर्वी ज्या फाइली वाटून घेण्याच्या जुन्या एसएमबी १ पद्धतीच्या आधारे भरत असे, ती विंडोज १० च्या २०१७ मधील १७०९ या आवृत्तीपासून नव्या संगणकावर पूर्वीसारखी सरसकट बसवली जात नाही, आणि ती सुरक्षित नसल्यामुळे केवळ चित्रासाठी परत बसवू नये. पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन ‘लेखा’ लिहावे आणि एंटर दाबावे, एवढीच चाचणी पुरेशी आहे. बाईंनी ते एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले आहे.

आता उरलेल्या अर्ध्या ताऱ्याचा हिशेब. नऊ संगणक तपासले, पण झेरॉक्स व स्कॅनचे मोठे यंत्र कोणाच्याही वहीत आले नाही. अशिलांची कागदपत्रे स्कॅन झाली की ती थेट सर्व्हरवरील एका फोल्डरात जातात आणि तो फोल्डर त्या यंत्राच्या स्मरणयादीत जुन्या अंकी पत्त्याने नोंदवलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच स्कॅन अडकला. दुकानाला फोन केला, तर माणूस दोन दिवसांनी आला. काम दहा मिनिटांचे होते आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, हे मान्य; तरीही सर्व्हरचा पत्ता बदलताना त्या पत्त्यावर कोण कोण अवलंबून आहे ही यादी संगणकांपाशी थांबायला नको होती. दुसरी एक तक्रार लहान, पण गंभीर आहे. काम संपल्यावर त्यांनी एक छापील पान दिले: राउटर, सर्व्हर व प्रिंटर यांचे पत्ते, कोणत्या संगणकावर काय बदलले त्याची तारीखवार नोंद, आणि पुन्हा असे झाले तर आधी कोणत्या तीन आज्ञा टंकित करून पाहाव्यात. असे पान याआधी आम्हाला कोणीच दिले नव्हते, त्यामुळे कौतुक वाटले. पण त्याच पानाच्या तळाशी राउटरचा पासवर्डही ठळक अक्षरांत छापला होता आणि ते पान त्यांनी सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. ते कपाट दिवसभर उघडेच असते. मी तळाची ओळ कापून तिजोरीत ठेवली व नंतर पासवर्डही बदलून घेतला.

दर मला वाजवी वाटला. सुमारे तीन तासांच्या कामाचे १,८०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण २,१२४ रुपये. बिल त्याच दिवशी, आमचा जीएसटी क्रमांक बरोबर लिहून. संगणकवाल्यांकडून पहिल्याच फेरीत बिनचूक बिल मिळणे हा आमच्या व्यवसायात साधा योग नव्हे. सहा संगणकांवर विंडोज नव्याने टाकण्याचा जुन्या कंपनीचा अंदाज याच्या चौपटीहून अधिक होता, आणि तो खर्च करूनही आमची स्कॅनर व झेड ड्राइव्हची गाठ सुटली असती असे नाही.

ज्यांच्या कार्यालयात स्वतंत्र डोमेन सर्व्हर आहे किंवा पणजी, मडगाव अशा निरनिराळ्या ठिकाणच्या शाखा एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यांच्या कामाचा या मंडळींना किती सराव आहे, याविषयी या एका कामावरून मत देणे योग्य होणार नाही. फोंडा आणि आसपासच्या छोट्या कार्यालयांनी मात्र त्यांना अवश्य बोलवावे. बोलवताना अर्धा दिवस मोकळा ठेवावा आणि स्कॅनर, हजेरीचे यंत्र, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर अशी जाळ्यावरील प्रत्येक वस्तू आपणच यादी करून त्यांच्या हाती द्यावी.

वार्षिक कराराचा मसुदा त्यांनी गेल्या आठवड्यात पाठवला आहे. त्यात तक्रार नोंदवल्यापासून किती तासांत माणूस येईल याचा उल्लेख नाही. कामाच्या दिवशी चार तास, अशी अट लाल शाईने लिहून मी तो परत पाठवला आहे, आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहत आहे.